जुना डिजिटल कॅमेरा आणि नव्याची खाज: घेण्याआधी काय काय करायचं

घरात एखादा जुना डिजिटल कॅमेरा आहे, दादाने पहिल्या पगारातून घेतलेला किंवा काकांनी "घे तुला, मला आता मोबाईलच पुरतो" म्हणून दिलेला, आणि तो वापरायला लागून आठवडा होत नाही तोच तुम्ही रात्री झोपायच्या वेळेला नव्या मिररलेसचे (आत आरसा नसलेल्या नव्या पिढीच्या कॅमेऱ्यांचे) रिव्ह्यू बघायला लागलात, तर हे तुमच्यासाठी आहे. साधारण २००५ ते २०१२ च्या दरम्यानचे कॅमेरे माझ्या डोळ्यासमोर आहेत, डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) असो किंवा खिशात मावणारा डिजिकॅम.

माझ्याकडे निकॉनचा डी९० आहे. २००८ चं मॉडेल, १२.३ मेगापिक्सेल, आणि व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर, अर्थात तो व्हिडिओ आता बघवत नाही हा भाग वेगळा, ७२०पी, मोनो आवाज आणि पाच मिनिटं झाली की बंद. पण हातात घेतला की अंगठा आणि बोट न बघता बरोबर चाकांवर जातात, शटरचा तो खट्ट आवाज येतो आणि फोटो काढल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे हे धरून चला. तरी नव्या कॅमेऱ्यांना नावं ठेवायला बसलेलो नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे की नवा घ्यायचा का नाही हे दुकानात ठरत नाही आणि रिव्ह्यूतही ठरत नाही, ते तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात फसलेल्या फोटोंत ठरतं. आणि त्यासाठी आधी तेवढे फोटो काढायला लागतात.

१. आधी त्याला उठवा

बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा. फुगलेली असेल, टेबलावर डुगडुगत असेल तर चार्जरला लावायचीच नाही, ई-कचऱ्यात द्यायची आणि नवीन घ्यायची. नवीन घेताना एकदम स्वस्त डुप्लिकेटच्या मागे लागू नका, त्यावर लिहिलेलं एमएएच (बॅटरीची क्षमता) हे बऱ्याचदा छापणाऱ्याच्या मनावर असतं. डी९० सारख्या काही बॉडीत (बॉडी म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा) मेनूमध्ये बॅटरी इन्फो म्हणून एक पान असतं, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, ० म्हणजे ताजी आणि ४ म्हणजे तिचं आयुष्य संपलं. पेन्सिल सेलवर चालणारा जुना पॉवरशॉट वगैरे असेल तर आधी सेलचा कप्पा उघडून बघा, जुने सेल गळून पांढरं-हिरवं काहीतरी साचलेलं असतं. आणि त्यात भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल टाकून "कॅमेरा चालू होऊन लगेच बंद होतो" अशी तक्रार करू नका, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घाला, मस्त चालतो.

मग कार्ड. इथे नवीन लोक हमखास अडकतात. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, त्याच्या पुढचं एसडीएक्ससी, आणि तिन्ही दिसायला सारखीच. फार जुना कॅमेरा एसडीएचसी ओळखतच नाही, आणि २००८-०९ चे बरेचसे कॅमेरे एसडीएचसी घेतात पण ६४ जीबी टाकलं की कार्ड एरर दाखवतात. कॅमेरा बिघडलेला नसतो, कार्ड त्याच्या पिढीचं नसतं. ८ किंवा १६ जीबीचं कार्ड शोधा. सोनीचं मेमरी स्टिक, ऑलिंपस-फुजीचं एक्सडी, जुन्या डीएसएलआरचं कॉम्पॅक्टफ्लॅश असलं काही निघालं तर कार्ड आणि त्याचा रीडर दोन्ही शोधायला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक चक्कर होईल. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला कॅमेऱ्याच्या केबलपेक्षा कार्ड रीडर बरा, यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते आणि घरात ती केबल शोधून दमायला होतं.

जुनं कार्ड आत असेल तर फॉरमॅट करायच्या आधी कॉपी करून घ्या, प्लीज. त्यावर बारशाचे, मुंजीचे, चाळ पाडायच्या आधीच्या गॅलरीचे फोटो असू शकतात जे घरात दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

तारीख-वेळ लावा. चुकीची तारीख असली की पुढे चौथ्या पायरीला महिन्याचे फोटो वेगळे काढताना पंचाईत होते. तारीख सारखी उडत असेल तर घड्याळाची आतली छोटी बॅटरी उतरलीये, बऱ्याच डीएसएलआरमध्ये ती मेन बॅटरीवरूनच चार्ज होते, म्हणून चार्ज केलेली बॅटरी दोन-तीन दिवस आतच राहू द्या आणि मग परत लावा.

२. तब्येत

मुंबईत पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचा पहिला शत्रू बुरशी, आपण सगळे फंगसच म्हणतो. लेन्स बॉडीवरून काढा, अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की फंगस. धुळीचे दोन-चार कण दिसले तर काही होत नाही, सगळ्या लेन्समध्ये असतात. फंगस कडेला थोडीशी असेल तर फोटोत कळणारही नाही पण ती वाढते, आणि मधोमध पसरली असेल तर समोरून लाईट आला की सगळा फोटो दुधाळ होतो. किट लेन्सला (कॅमेऱ्याबरोबर येते ती) फंगस असेल तर साफ करायच्या खर्चात दुसरी सेकंडहँड किट लेन्स येते, तेव्हा आधी दोन्ही विचारून बघा.

सेन्सरवरची (फिल्मच्या जागी असलेल्या चिपवरची) धूळ बघायची तर एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, स्क्रीनवर काळपट ठिपके दिसतील. रबरी ब्लोअरने हवा मारा, तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडाली की धुळीपेक्षा वाईट. अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलेलं असेल तर घाबरू नका, घाम आणि दमट हवेने या निकॉनना हे होतंच, जुना गोंद काढून पातळ दुहेरी टेप लावली की बसतं.

शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, बघायचा असेल तर निकॉनमध्ये सोपं आहे, फोटोच्या फाईलमध्येच आकडा असतो, एक्झिफटूल नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरने दिसतो. जुन्या कॅननमध्ये बहुतेक वेळा फाईलमध्ये तो नसतो. डी९०चं शटर १ लाख क्लिकपर्यंत टेस्ट केलेलं आहे, पण १ लाख झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी बंद पडेल असं नाही आणि चाळीस हजारांतच बंद पडणार नाही अशी गॅरंटीही नाही.

३. महिनाभर फक्त हाच

आता रिव्ह्यू बघणं बंद. खरंच बंद करा, कारण रिव्ह्यूवाल्याचा प्रॉब्लेम वेगळा असतो आणि आपण तो आपल्या डोक्यावर घेऊन बसतो.

महिनाभर हाच कॅमेरा, आणि मुद्दाम वेगवेगळ्या उजेडात. पहाटे दादरचा फुलबाजार, ब्रिजखाली ट्यूबलाईट आणि बाहेर निळसर उजेड असा गोंधळ असतो, झेंडूचा केशरी रंग कॅमेरा कसा घेतो ते तिथे कळतं. भर दुपारी फोर्टातल्या दगडी इमारती आणि त्यांच्या कमानींमधली सावली. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह किंवा वरळी कोळीवाडा. रात्री सीएसएमटीची रोषणाई. घरात आई स्वयंपाक करताना, कारण फोटोग्राफीतला सगळ्यात अवघड उजेड आपल्या किचनमध्येच असतो. सीझन असेल तर शिवडी किंवा भांडुपकडे फ्लेमिंगो, पण भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, ओहोटीला पक्षी लांब चिखलात असतात आणि पाणी चढायला लागलं की किनाऱ्याजवळ सरकतात, नाहीतर गुलाबी ठिपके घेऊन घरी याल.

सेटिंग सुरुवातीला साधं ठेवा. अॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे चाकावरचं ए किंवा एव्ही (छिद्र तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), ऑटो आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो ते) चालू आणि त्याची मर्यादा १६००. फोटो रॉ (प्रोसेसिंग न झालेली मूळ फाईल) आणि जेपेग दोन्ही. जुन्या सेन्सरचा एक स्वभाव आहे, पांढरं एकदा जळालं की परत येत नाही, त्यामुळे भर उन्हात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ करून ठेवा, म्हणजे फोटो जरा काळपट येईल, काळोखातलं रॉमधून बऱ्यापैकी वर ओढता येतं. गणपतीच्या मंडपात किंवा कुठल्याही एलईडी डेकोरेशनमध्ये फोटोवर आडवे पट्टे येत असतील किंवा एक फोटो काळपट एक उजळ असं होत असेल तर दोष कॅमेऱ्याचा नाही, आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला ठेवा, फरक लगेच दिसेल.

डिजिकॅमवाल्यांसाठी एक गोष्ट. सध्या कॉलेजच्या पोरांमध्ये "सीसीडीचे रंग" (सीसीडी म्हणजे जुन्या जातीचा सेन्सर) हे फार चाललंय आणि त्यामुळे पूर्वी कोणी ढुंकून बघत नव्हतं असे कॅमेरे महाग विकले जातायत. जुन्या कॅमेऱ्यांचे रंग मलाही आवडतात, पण ते सेन्सरच्या जातीपेक्षा त्यावरच्या रंगीत फिल्टरमुळे आणि आतल्या जेपेग प्रोसेसिंगमुळे जास्त येतात, आणि पार्टीच्या फोटोंचा तो जो लुक आहे ना तो तर निम्मा समोरून मारलेल्या फ्लॅशचा आहे. तेव्हा फक्त "सीसीडी" एवढा शब्द ऐकून जास्तीचे पैसे देऊ नका.

४. आता फसलेले फोटो वेगळे काढा

ही खरी पायरी आणि ही कोणी करत नाही.

महिन्याचे सगळे फोटो कॉम्प्युटरवर घ्या, आणि नुसते चांगले निवडून बाकीचे डिलीट मारू नका. जे फोटो तुम्हाला खूप हवे होते आणि नीट आले नाहीत ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. कंटाळवाणे फोटो त्यात नकोत, ज्याने हळहळ वाटली तेवढेच. मग एकेका फोटोची माहिती उघडा, विंडोजमध्ये राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे शटर स्पीड, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र), आयएसओ, फोकल लेंग्थ (लेन्स लांबचं किती जवळ आणते ते, एमएममध्ये) सगळं असतं. आणि प्रत्येकापुढे वहीत एका ओळीत कारण लिहा.

सगळंच हललेलं दिसतंय, मागची भिंतसुद्धा, आणि शटर १/१५ वगैरे आहे? तुमचा हात हलला. नव्या कॅमेऱ्याची गरज नाही, आयएसओ वाढवा, कठड्याला टेका, मोनोपॉड (एकपायी स्टँड) घ्या. भिंत कडक आणि माणूस मात्र पुसट? माणूस हलला. तिथे स्टॅबिलायझेशन (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) कितीही भारी असलं तरी उपयोग नाही, शटर १/२५० च्या वर न्यायला हवं आणि त्यासाठी प्रकाश जास्त घेणारी लेन्स हवी. गोविंदाचे फोटो अशाने फार जातात, थर लागताना सगळे शांत असतात तोवर ठीक, हंडी फुटली की सगळं पुसट. माणूस पुसट, त्याच्या मागची बाई कडक? फोकस चुकला. आता हे बघा की फोकसचा पॉईंट तुम्ही निवडला होता का कॅमेऱ्याने, कारण ऑटोवर ठेवलं की जुना कॅमेरा जवळची आणि जास्त कॉन्ट्रास्टवाली वस्तू पकडतो. डी९०ला ११ पॉईंट आहेत आणि मधला सगळ्यात खात्रीचा, मधल्या पॉईंटने डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम सरकवा. हे करूनही पळणाऱ्या पोराचे दहातले आठ फोटो चुकत असतील तर मात्र ती कॅमेऱ्याची मर्यादा आहे, तशी नोंद करा.

दाणे फार आलेत? आयएसओ बघा. १६०० च्या आसपास असेल तर आधी ती रॉ फाईल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ही गंमत बऱ्याच जणांना माहीतच नसते की कॅमेरा २००८ चा असला तरी त्याची रॉ फाईल आजची प्रोसेसिंग घेऊ शकते, नॉईज म्हणजे दाणे काढायचं तंत्र इतकं पुढे गेलंय की जुना फोटो नव्याने काढल्यासारखा दिसतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत, शिकायला आठवडा जाईल.

पक्षी फार लहान आला? तो मेगापिक्सेलचा नाही, फोकल लेंग्थचा प्रॉब्लेम. बॉडी कुठलीही घ्या, ५५ एमएमने फ्लेमिंगो येणार नाही.

आणि मेगापिक्सेल निघालाच आहे तर त्याचा हिशोब एकदाच करून विषय संपवू. डी९०ची फाईल ४२८८ गुणिले २८४८ पिक्सेलची. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापली तर सुमारे १४ बाय साडेनऊ इंच. भिंतीवर लावायचा नेहमीचा १२ बाय ८ तर आरामात निघतो. अल्बमच्या ४ बाय ६ ला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात आणि फोरके टीव्हीला सव्वाआठ. म्हणजे "माझा कॅमेरा बाराच मेगापिक्सेलचा आहे" हे नवीन घ्यायचं कारण नाही, तुम्ही खूप क्रॉप करत असाल तर थोडंफार आहे, ते पण आधी दोन पावलं पुढे जाऊन बघा.

वहीतली कारणं मोजा. ज्या कारणाच्या सगळ्यात जास्त ओळी, पैसे तिथे घालायचे.

५. बॉडीच्या आधी लेन्स

माझा अनुभव असा की किट लेन्सवर असलेल्या माणसाच्या वहीत बहुतेक ओळी "उजेड कमी पडला" याच असतात, आणि त्याला औषध एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली. १८-५५ किट लेन्स ३५ एमएमला साधारण एफ ४.५ उघडते. त्याच जागी ३५ एमएम एफ १.८ लावली की सुमारे ६ पट प्रकाश आत येतो, म्हणजे जो फोटो आयएसओ ३२०० ला खरखरीत येत होता तो ५०० च्या आसपास येतो. एवढी उडी जुन्यावरून नव्या बॉडीवर जाऊनही मिळत नाही, दाण्यांच्या बाबतीत तिथे एक-दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) फरक पडतो. किंमत मात्र नव्या बॉडीच्या कितीतरी खाली, सेकंडहँड तर अजून.

पण लेन्स घेताना बॉडीशी जुळते का बघा, विशेषतः निकॉनवाल्यांनी. डी९०, डी७०००, डी७२०० अशा बॉड्यांमध्ये फोकसची मोटर आहे, त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर ऑटोफोकस करतात. डी४०, डी३१००, डी५१०० वगैरेंमध्ये ती मोटर नाही, त्यांच्यावर ५० एमएम १.८डी लावली तर फोकस हाताने फिरवत बसायचं, तिथे नावात एएफ-एस असलेलीच घ्या. उलटा सापळा पण आहे, एएफ-पी लिहिलेल्या नव्या लेन्स सेकंडहँडमध्ये चांगल्या भावाला दिसतात आणि डी९० वर त्यांचा फोकस चालतच नाही. कॅननमध्ये हा ताप नाही, ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही त्या काळच्या सगळ्या छोट्या ईओएस बॉड्यांवर चालतात, ५० एमएम एफ १.८ एसटीएम डोळे झाकून घ्या.

खिशातल्या डिजिकॅमची लेन्स बदलत नाही, त्याला ही पायरी लागू नाही. त्याला चांगल्या उजेडात आणि फ्लॅशवरच वापरा, तिथे तो राजा आहे.

६. नवा खरंच कधी घ्यायचा

लेन्स घेतली, आणखी महिना-दोन महिने वापरली, आणि तरी वहीत त्याच ओळी येतायत, तर घ्या ना, कोण अडवतंय.

ज्याने खरा फरक पडतो अशा गोष्टी माझ्या मते मोजक्या आहेत. एक म्हणजे फोकस. आजचे मिररलेस डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात, फ्रेमच्या कोपऱ्यात गेला तरी, आणि लहान मुलं, कुत्री-मांजरं, नाच, खेळ असले फोटो काढणाऱ्याला हे एकदा मिळालं की तो परत मागे जात नाही. दुसरं व्हिडिओ, इथे तर तुलनाच नाही, व्हिडिओ करायचा असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या सोडून द्या आणि नवाच घ्या. तिसरं, शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो, गाण्याच्या बैठकीत किंवा नाटकाच्या तालमीत बसून फोटो काढायचे असतील तर हे फार कामाचं. आणि चौथं नवशिक्याच्या उपयोगाचं, व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो काढायच्या आधीच दिसतं की तो काळा येणार का पांढरा, त्यामुळे एक्सपोजर पटकन समजतं.

जातं काय ते पण ऐका. बॅटरी. डी९० एका चार्जवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे ८५० फोटो काढतो, छोट्या मिररलेसमध्ये त्याच्या निम्मेसुद्धा निघणं अवघड, म्हणजे विसर्जनाच्या दिवशी खिशात दोन जादा बॅटऱ्या. काचेतून थेट दिसणारं जग जाऊन स्क्रीन येते. आणि लेन्स: निकॉनच्या झेड (मिररलेस) बॉडीवर एफटीझेड अॅडाप्टर लावून एएफ-एस लेन्स चालतात पण एएफ-डीचा ऑटोफोकस गेला, कारण अॅडाप्टरमध्ये मोटर नाही. कॅननच्या आर सिरीजवर (त्यांचे मिररलेस) ईएफ लेन्स अॅडाप्टरने व्यवस्थित फोकस करतात, तिथे कॅननवाल्यांचं नशीब चांगलं.

निकॉनचा झेड५० मार्क टू, कॅननचा आर५० किंवा आर१०, सोनीचा ए६४०० हे सुरुवातीला बघायचे कॅमेरे. आणि एक मधला रस्ता आहे जो मला स्वतःला जास्त पटतो, सेकंडहँड डी७२०० किंवा डी७५००. २०१५ आणि २०१७ चे कॅमेरे, जुन्या एएफ-डी लेन्सही चालतात, बॅटरी दणकट, आणि सगळे मिररलेसकडे पळतायत म्हणून भाव पडलेले. ज्याला व्हिडिओ नको आणि ज्याच्याकडे आधीच निकॉनच्या लेन्स आहेत त्याने हेच करावं.

७. घेण्याआधी भाड्याने

मुंबईत राहायचा हा एक फायदा तरी घ्या. इंडस्ट्री इथे असल्यामुळे कॅमेरे भाड्याने देणारे खूप, अंधेरी पश्चिमेला तर गल्लोगल्ली. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं, दिवसाचं भाडं. शनिवार-रविवार घ्या, आणि त्याच जागी जा जिथे तुमचे फोटो फसले होते. तोच मंडप, तेच किचन, तीच पळणारी भाची. जुना पण बरोबर न्या. घरी येऊन दोन्हींचे फोटो शेजारी लावून बघा, १०० टक्के झूम करून नाही, नेहमी बघता तेवढेच. घेताना आणि देताना बॉडी-लेन्सचे चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर ओरखड्यावरून वाद नको.

८. फोर्टात गेल्यावर

कॅमेऱ्याचं मार्केट म्हणजे सीएसएमटीच्या समोरचा भाग, डी. एन. रोड आणि बोरा बाजारच्या गल्ल्या. नवं, जुनं, रिपेअरिंग, सुटे भाग, सगळं चालत फिरता येईल एवढ्यात. रविवारी जाऊ नका, बरंचसं बंद असतं. पहिल्या दिवशी पैसे न नेता जा, फक्त हातात घेऊन बघा, ग्रिप लहान वाटते का, करंगळी खाली लोंबते का, मेनू कळतो का. एकाच दुकानातला भाव ऐकून ठरवू नका.

भाव सांगताना विचारतील, "बिलवाला पाहिजे का बिना बिल?" बिना बिलचा म्हणजे ग्रे माल, बाहेरून आलेला, कॅमेऱ्यावरचा १८ टक्के जीएसटी नाही म्हणून स्वस्त, पण भारतातली वॉरंटी नाही आणि सर्व्हिस सेंटर दारात उभं करेल का हा प्रश्न. मी बिलवालाच घ्या म्हणेन. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो बॉडीच्या खालच्या नंबराशी जुळवा, दुकानातच, बाहेर येऊन नाही.

सेकंडहँड घेताना आपलं स्वतःचं कार्ड आणि लॅपटॉप घेऊन जा. दुसऱ्या पायरीतल्या सगळ्या टेस्ट तिथेच करायच्या, टॉर्च, एफ १६ ला आभाळ, शटर काउंट. शिवाय लेन्सवर टोपी लावून १०-१५ सेकंदांचं एक्सपोजर द्या, रंगीत ठिपके किती ते बघा, दोन-चार चालतील, आभाळभर तारे नकोत. प्रत्येक बटण दाबा, दोन्ही चाकं फिरवा, फ्लॅश उडवून बघा, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का बघा. ऑनलाईन बघून कोणा माणसाकडून घेत असाल तर दिवसाउजेडी भेटा, स्टेशनबाहेरच्या कॅफेत वगैरे, आणि ओरिजिनल बिल मागा. बिल नाही, चार्जर नाही आणि घाई मात्र फार, असं असेल तर निघून या.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईत कॅमेरा कपाटात, त्यातून चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या बॅगेत ठेवला की फंगसला निमंत्रण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा), आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं किंवा केशरी जेल हिरवं झालं की ते ओलं, मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, मात्र खाण्याच्या भांड्यात करू नका. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, तांदळाची भुकटी फोकसच्या रिंगमध्ये जाऊन बसते. डांबराच्या गोळ्याही नकोत. लेन्स दोन-तीनच्या वर गेल्या की ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्यायला हरकत नाही. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून दहा-वीस फोटो काढायचेच, निकॉनच्या मॅन्युअलमध्येही हेच सांगितलंय, बाहेर काढा, चालू करा, शटर दाबा.

एसी लोकलमधून दादरला उतरलात आणि लगेच कॅमेरा काढलात तर चष्म्यावर जमतं तसं धुकं लेन्सवर जमतं, कधी आतल्या काचेवर. पुसत बसू नका आणि लेन्स तर बदलूच नका. गाडीत असतानाच बॅगेची चेन बंद ठेवा आणि उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तशीच राहू द्या, तोवर चहा होतो.

१०. नवा आला, आता जुना?

जुन्या बॉडीचे इतके कमी पैसे येतात की मी म्हणेन ठेवा किंवा घरातल्या कोणा पोराला द्या, पण नुसती वस्तू हातात देऊ नका, चार्ज केलेली बॅटरी, ८ जीबीचं कार्ड आणि प्राइम लेन्स लावून द्या, किट लेन्सवर नाही. विकायचाच असेल तर पावसाळ्याच्या आधी विका, सप्टेंबरात गिऱ्हाईक आधी टॉर्च मारून फंगस बघतं. कार्ड देऊ नका, नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटो रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत निघतात. मेनूमधून रीसेट मारा, कॉपीराइटच्या किंवा इमेज कमेंटच्या रकान्यात तुमचं नाव भरलेलं असेल तर ते पुसा, कारण ते साध्या रीसेटने जाईलच असं नाही आणि नाहीतर पुढचा माणूस तुमच्या नावाने फोटो काढत बसेल.